यंदाचा मान मावशीचा

"मावशी, देवासारख्या धावून आलात! वर एकही दुपटं कोरडं नाही," सिस्टर जिन्यावरूनच ओरडली.

मावशी देवासारखी वगैरे काही आली नव्हती. ती आली होती किल्ली द्यायला. इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं काढलेली बाई ती. इस्त्र्यांच्या कपाटाची किल्ली कमरेला खोचूनच घरी जायची. सकाळी पहिली हजर तीच, त्यामुळे आजवर कुणाचं अडलं नव्हतं. काल मात्र नाताळच्या सुटीच्या आनंदात घरी पळताना किल्लीही तिच्याबरोबर पळाली. आता ती टेकवायची आणि दहाच्या मिस्सेला, नाताळच्या प्रार्थनेला, चर्च गाठायचं, एवढाच बेत होता. अंगावर ठेवणीतले कपडे होते आणि फाटकाशी नवरा स्कूटर चालूच ठेवून उभा होता.

आज उशीर होऊन चालणारच नव्हतं. त्यांच्या चर्चमध्ये, जन्मलेल्या येशूला निजवलं होतं तशी गव्हाण सजवतात, पण मिस्सा सुरू होईपर्यंत ती रिकामी असते. मग एक जण बाळ येशूची मूर्ती दोन्ही हातांवर घेऊन जातो आणि तिच्यात निजवतो. हा मान दर वर्षी एका घराला, ओळीने. मावशीच्या घराचा नंबर लागायला बावीस वर्षं लागली होती. तिच्या स्वतःच्या घरात पाळणा कधी हललाच नाही. त्याबद्दल ती कुणापाशी चकार शब्द काढत नसे. पण गेला महिनाभर ती उशी हातांवर घेऊन खोलीभर चालून बघत होती आणि नवरा तिला चिडवत होता, "अगं, मान सावर त्याची!"

"कपडे वाळवायचं यंत्र पहाटेच बंद पडलंय," सिस्टर सांगत होती. "कारागीर दुपारी येणार. तुमच्या बदलीची बाई तापाने फणफणलीय. रात्रीपासून पाच बाळंतपणं झाली, सहावी आत आहे. ओल्यात गुंडाळू का पोरांना?"

"माझ्याच सुटीला बरं सुचतं ह्या मेल्या यंत्राला!" मावशीने घड्याळ पाहिलं. नऊ वाजले होते. तिने दारातूनच नवऱ्याला हाक मारली, "अहो, तुम्ही व्हा पुढे. मी आलेच पाठोपाठ."

तळघरात उतरून तिने बाह्या सारल्या आणि दोन्ही इस्त्र्या तापत ठेवल्या. मावशीची एक रीत होती. दुपटं इस्त्रीखालून निघालं की आधी गालाला लावायचं. जरा गार लागलं की पुन्हा इस्त्रीखाली. आज घाईत तेवढं सोडलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण गाल काही ऐकेना. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. ढीग निम्माही सरला नव्हता.

दहाला चर्चची घंटा घणघणली. तळघराच्या झरोक्यातून ती स्पष्ट ऐकू आली. मावशीचा हात थांबला.

"तुझ्याच वाढदिवसाला मला जुंपलंस होय रे?" ती छताकडे बघून म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. हातातल्या दुपट्यावर दोन थेंब पडले. तिने नाक पुसलं आणि ते दुपटं परत इस्त्रीखाली घेतलं.

पावणेअकराला ती कपड्यांची पत्र्याची गाडी ढकलत प्रसूतीच्या खोलीत शिरली, तोच सिस्टरने एक ओलंचिंब, किंचाळणारं गाठोडं तिच्यापुढे धरलं.

"धरा मावशी! मला ह्याच्या आईकडे बघू द्या."

"अहो, पण ठेवू कुठे ह्याला?"

"पाळणे भरलेत सगळे. तुमच्या गाडीत ठेवा!"

मावशीने बाळाला टिपलं. वरचं दुपटं सवयीने गालाला लावून पाहिलं. छान ऊन लागलं. तिने बाळाला त्यात गुंडाळलं, दोन्ही हातांवर घेतलं, मान सावरली आणि गाडीतल्या दुपट्यांत अलगद निजवलं. किंचाळणं थांबलं. बाळाने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं.

मावशी जागची हलेना. ह्या पत्र्याच्या गाडीकडे ती रोज बघत होती. आज बघता बघता तिचे हात आपोआप जोडले गेले. "देवा, तुझे फार उपकार झाले," ती पुटपुटली. पलीकडे बाळाची दमलेली आई हसली.

बाराला नवरा तोंड पाडून आला. त्याला बायकोकडे बघवेना.

"फादर थांबले गं दहा मिनिटं. शेवटी शेजारणीने ठेवली मूर्ती गव्हाणीत. बावीस वर्षांनी आलेला मान हातचा गेला बघ तुझा."

मावशी गाडीची चाकं पुसत होती. तिने वर पाहिलं. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"अहो, मूर्ती तिकडे होती," ती म्हणाली. "बाळ इथे आलं होतं."