दुयेची वायर

"दुयेची वायर खोचूच नकोस," येर्को खाली वाकून सुनेच्या कानाशी म्हणाला. "नुसती सोडून दे. वरून कळता कामा नये."

नेवेंका जेवणाच्या टेबलाखाली बसून मायक्रोफोनच्या वायरी रेकॉर्डिंगच्या डब्यात खोचत होती. तिने मान वर केली. "बाबा, दुयेकाका तुमच्या लग्नातले साक्षीदार ना?"

"म्हणून तर तोंडावर सांगता येत नाही."

येर्कोच्या क्लापाला गाण्याच्या महोत्सवाने अकरा वर्षं नकार दिला होता. क्लापात वाद्य नाही, काही नाही. खांद्यावर हात टाकून चार माणसं उभी राहतात आणि गातात, बस्स. एकाचा सूर ढळला की चौघंही बुडाले. आणि क्लापातून कुणाला काढायची रीत बेटावर नाही. माणूस एकदा उभा राहिला, की त्याची जागा रिकामी होते ती त्याच्या मरणाची घंटा चर्चमध्ये वाजली की.

येर्कोला एकाहत्तरावं लागलं होतं. बापाने शिकवलेलं गाणं एकदा तरी त्या मंचावर म्हणायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढंच त्याला हवं होतं. आडवा येत होता तो दुये. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा दुयेचा वरचा सूर.

यंदा महोत्सवाने घरीच रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगितलं, तेव्हा येर्कोच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने चार मायक्रोफोन आणले, खेळण्यांच्या दुकानातले, वाढदिवसाला पोरं हातात धरून नाचतात तसले. एक तर गुलाबी होता, वर चमकी लावलेला. ओठ टेकवले तरच त्यांना ऐकू यायचं. वीतभर मागे सरकलं की ठार बहिरे. येर्कोला त्यांचा तोच गुण आवडला होता: दुयेचा आवाज शेजारच्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरणार नव्हता.

क्लापातली बाकीची मंडळी जेवणाआधीच आली. विन्को पॅसेजमध्ये नेवेंकाला तिच्या आईच्या गुडघेदुखीबद्दल विचारत बराच वेळ उभा राहिला. दुयेने टोपलीभर मासे आणले आणि "सुनबाईला हातभार लावतो" म्हणत चक्क टेबलाखाली शिरला. आता सुटी वायर त्याला दिसणार, असं येर्कोला वाटलं. पण दुये हसतच बाहेर आला.

"हा गुलाबी कुणाला?" बेपोने विचारलं. बेपोचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात दगड.

"तुलाच. तू एकटाच बिनलग्नाचा," विन्को म्हणाला. "शोभेल."

"आण इकडे. नवरी मिळाली तर वरातीत हाच धरून गाईन."

भिंतींना रजया लावल्या. फ्रिज गुरगुरत होता म्हणून बंद केला, त्यामुळे मासे लगेच साफ करणं आलं. येर्कोची बायको मारे, दुयेची लुत्से आणि विन्कोची पेरीना स्वयंपाकघरात बसल्या. त्यांचंही गुणगुणणं चालूच होतं. येर्कोने दार लावून घेतलं.

चौघांनी गाणं म्हटलं. गुलाबी मायक्रोफोन बेपोच्या मिशीत बुडाला होता. दुये डोळे मिटून, जीव ओतून गात होता. त्याच्याकडे पाहवेना, म्हणून येर्कोनेही डोळे मिटून घेतले.

"लावू का? ऐकता?" नेवेंकाने विचारलं.

"नको!" येर्को ओरडलाच. ऐकलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. "मागे एका लग्नातलं आपलं गाणं टेपवर ऐकलं आणि नाताळपर्यंत भांडत बसलो. तशीच पाठव."

आता वाद होणार असं त्याला वाटलं होतं. पण दुये म्हणाला, "अगदी बरोबर." विन्को म्हणाला, "शहाणपणाचं बोललास." बेपोने तोवर टोपी घातलीसुद्धा होती. इतकं एकमत या क्लापात आजवर झालं नव्हतं. चौघं धक्क्यावर वाइन प्यायला गेले. नेवेंका आवराआवर करायला मागे राहिली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. येर्कोने उभ्यानेच फोडलं. "आपले गाणे निवडण्यात आले आहे. चारही आवाज निर्मळ आहेत." पुढचं वाचायला त्याला धीर कुठला! अनवाणीच गल्लीत धावला आणि तिघांना गोळा करून आणलं. मागोमाग बायकाही आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

दुयेने त्याला मिठी मारली. म्हातारा हमसून हमसून रडत होता. "येर्को, मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्याचमुळे आपण मागे पडतो."

हे मात्र येर्कोला सोसलं नाही. हातातला पेला खाली ठेवून तो म्हणाला, "दुये, मला शिव्या घाल. त्या दिवशी तुझी वायर लावलेलीच नव्हती. मीच सांगितलं होतं नेवेंकाला."

दुयेचं रडणं थांबलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. 

"विन्को," तो म्हणाला, "तुझीही नव्हती. मी सांगितलं होतं."

विन्कोने घसा खाकरला. "बेपो, आता लपवून काय करू... तो गुलाबीही मुका होता."

 बेपोने नुसतं येर्कोकडे पाहिलं, आणि लगेच नजर छताकडे वळवली.

"माझी?" येर्को ताडकन उठला. "पहिला आवाज माझा! नेवेंका!"

नेवेंका दारात येऊन उभी राहिली. "वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, बाबा? चौघांनी सांगितलं, चौघांचंही ऐकलं."

"अगं, मग पाठवलंस काय? निर्मळ आवाज आले कुठून?"

एप्रनला हात पुसत मारे बाहेर आली. तिने नवऱ्याच्या मुठीतून पत्र सोडवलं, पान उलटलं आणि खालपर्यंत शांतपणे वाचलं.

"पेरीना, लुत्से," ती स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "मंचावर चौघींचे घागरे निळे हवेत म्हणतात. नेवेंकाचा मी शिवते, तुम्ही आपापले बघा."