पाव फेरा
वेगळं राहणाऱ्या मुलाची डोंगरवाटांवर पळणारी मोटारसायकल घरीच दुरुस्त करण्यात निवृत्त मेकॅनिक बापाला मिळायचं काय, तर मुलाकडून शाबासकी. तीही वसूल होईना. दर रविवारी चिखल खरवडायचा, एअर फिल्टर धुवायचा, कार्ब्युरेटर जुळवायचा. आठवड्याने गाडीने पुन्हा आचके देत दारात उभं राहायचं. “बाबा, हात थकला तुमचा,” मुलगा जेवताना हसत म्हणाला. बापालाही पटू लागलं होतं. चष्मा आणायला तो शेडमध्ये गेला, तर बायको कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळत होती. “बिघडली नाही तर येतो का तो?” तिने विचारलं. बाप दमून स्टुलावर टेकला. “अर्धा फेरा नको, पाव पुरे. वाटेत बंद पडली तर ढकलत बसेल.” निघणाऱ्या मुलाला तो म्हणाला, “वय झालं रे. बिघडली तर आण.” आईला मुलगा मिळाला, मुलाला गाडी, नाव गेलं ते बापाचं.