विसावं काडतूस

“अस्वलाला बाबांचंच जाडजूड काडतूस हवं!” पहिल्या शिकारीला निघालेली डेल्मा नाचतच म्हणाली. “त्या जनावराचं नाव घेऊ नये, ऐकतं ते!” म्हणत आत्याने बाबांची दणकट रायफल भरून दिली. “आधी तो साल्मन माशाचा रिकामा डबा उडव.” डेल्माने नेम धरून चाप ओढला. खट्! बार झालाच नाही, तरी डोळे मिटले आणि नळी खचकन झुकली. मुद्दाम घातलेली रिकामी पुंगळी आत्याने हसत काढली. “धक्क्याला इतकी घाबरतेस? ते जनावर काय तुझे डोळे उघडेपर्यंत थांबणार?” तिने आपली हलकी रायफल सडपातळ काडतूस भरून पुढे केली. धडाम्! डबा उडाला, डेल्माही आनंदाने उडाली. “पण बाबा तर मोठंच वापरायचे ना?” आत्याने त्यांचं वीस काडतुसांचं खोकं उघडलं. आत एकोणीस कोरी. विसाव्या खोबणीत तिने पुंगळी बसवली. “एकदाच बार काढला, मग माझीच रायफल मागून न्यायचा, बढाईखोर!”