बंद आलेली पेटी

लढाईत पडलेला प्रत्येक पोरगा आपल्याच गावच्या चर्चमागे पुरायचा, ही फिनलंडच्या लोकांची रीत. आल्विना म्हातारीच्या पोराची, एवर्टचीही शवपेटी आली. उघडू नका म्हणाले लष्करवाले, म्हणून तशीच पुरली, वर त्याच्या नावाचा दगड बसला.

दोन वर्षांनी रशियनांच्या कैदेतून एवर्ट चालत घरी आला.

तरी म्हातारी दर रविवारी फुलं घेऊन त्या दगडाकडे निघायचीच. एकदा तो हातोडा घेऊन आडवा आला. "आज फोडतोच तो दगड!"

"नाव खोड तुझं. फुलांना हात लावलास तर याद राख, मेल्या!"

"मेलेला तो आहे, मी नाही! कोण लागतो तो तुझा?"



"तुझी आई सुटली रे. त्याची अजून दारात वाट बघत उभी असेल."