पायी निघालेला ड्रायव्हर

"मनगट नको धरू," मुलगी म्हणाली. "दुखतं."

ड्रायव्हरने पकड सैल केली, पण सोडली नाही. बावीस वर्षं तो शहरात बस चालवत होता. मुलीला पायी शाळेत न्यायची पाळी मात्र आज पहिल्यांदाच आली होती. तिची आई वारल्यापासून दीड महिना मावशी न्यायची. काल ती आपल्या घरी परतली. तिलाही तिचा संसार होताच.

शाळेसमोरच्या रस्त्याशी आल्यावर त्याने एकदा उजवीकडे पाहिलं आणि सरळ पाऊल टाकलं. बसचं तोंड पुढे काढलं की लोक झक मारत थांबतात, ही त्याची जुनी सवय. आज भोवती बस नाही हे पायांच्या लक्षातच आलं नाही. एक मोटारसायकल करकचून ब्रेक लावत अगदी पोटाशी थांबली.

"घरी सांगून आलायस का?" मोटारसायकलवाला खेकसला आणि निघून गेला.

सांगायला घरी होतं कोण?

मुलीने हात हिसकावला, मागे पळाली आणि फुटपाथवर फतकल मारून बसली.

"मी तुझ्याबरोबर येणार नाही."

"ऊठ गं, शहाणी ना माझी. तुझी शाळा भरेल, माझी ड्यूटी चुकेल."

शहाणी ढिम्म हलली नाही. त्याने चॉकलेट कबूल केलं, डोळे वटारले, शेवटी हातही जोडले. एका हॉर्नवर ट्रक बाजूला करणाऱ्या माणसाला पाच वर्षांची पोर जुमानेना. आता आपल्याला रडू फुटणार, तेही भर रस्त्यात, असं वाटून तो घाबरला. मग तो तिच्याशेजारी खालीच बसला.

"आई कशी न्यायची गं तुला?" इतक्या दिवसांत त्याने तिच्याजवळ आईचं नाव काढलं नव्हतं.

"आई नाही न्यायची. मी आईला न्यायचे. तिला रस्त्याची भीती वाटायची ना."

ड्रायव्हरची बायको भर गर्दीतून सायकल दामटणारी बाई होती.

"मलाही वाटते," तो म्हणाला. म्हणता म्हणता ते खरंच असल्याचं त्याला कळलं.

मुलीने त्याला नीट न्याहाळलं. उठली, त्याची करंगळी मुठीत घेतली.

"मी सांगेपर्यंत पाय हलवायचा नाही. कळलं?"

तिने एक ट्रक जाऊ दिला, दोन मोटारी जाऊ दिल्या, लांबून रमतगमत येणाऱ्या सायकलवाल्यासाठीही थांबली. ड्यूटी चुकली तर चुकली, तो हलला नाही. मग ती म्हणाली, "आता." दोघं पलीकडे गेली.

शाळेची शिपाईणबाई फाटक लावायलाच आली होती. मुलगी आत शिरली आणि तिला म्हणाली, "माझ्या बाबाला पलीकडे सोडा हं. तो एकटा आहे."

शिपाईणबाईने त्याच्या खाकी शर्टावरचा ड्रायव्हरचा बिल्ला वाचला आणि तिला हसूच आलं. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

"चला," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मुलगी फाटकाच्या गजांतून बघत होती, म्हणून त्याने तो धरला. पलीकडे पोचल्यावर मात्र त्याला तो लगेच सोडता आला नाही.