दाभाड्यांनी घेतलेलं वळण

मॉडेल विमानांच्या मंडळाच्या सुलभाबाई खाडिलकरांनी जतच्या माळावर विमानं उडवण्याच्या मेळाव्याचा नकाशा पसरला. इथे धावपट्टी, तिथे मांडव. परवानगी देणारे अधिकारी दाभाडे गोंधळले.

“विमान हाताने उडवायचं? यंत्रणेशिवाय? पडेल की हो, बाई!”

“पडणारच. म्हणून तर मोकळा माळ मागतोय,” म्हणत बाईंनी रिमोट त्यांच्या हातात दिला.

दाभाड्यांनी रिमोटवरची कळ हळूच पुढे ढकलली. त्यांनी जन्मात साधी गाडीसुद्धा स्वतः चालवली नव्हती. सगळ्यांचं सगळं स्वयंचलित यंत्रणाच चालवायची. लाकडी विमान उठलं, डगमगलं, एक वेडंवाकडं वळण घेऊन कडुनिंबात अडकलं.

“बाई, ते वळण मी घेतलं! मी!” दाभाडे ओरडले.

विमान काढायला तेच झाडावर चढले आणि फांदीवर बसूनच त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली.