लांबवलेली रांग

या, जरा पुढे सरकून बसा. दोन बहिणींची गोष्ट सांगते. छोटीशीच आहे, पण ऐकून कुणाला नावं ठेवू नका.

भरल्या सभागृहात धाकटी फळ्यापाशी उभी होती. आजच्या व्याख्यानावर तिची कायमची नेमणूक ठरायची होती. तिने अणूंची रांग काढली होती: एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. "एरवी हे एकमेकांना ढोसत राहतात आणि थोड्या वेळात सुरुवातीची मांडणी विसरतात," ती म्हणाली. "पण खालची जमीन पुरेशी ओबडधोबड केली, की जो तो आपापल्या जागी अडकतो. मग रांग कितीही लांब असो, मांडणी विसरत नाही." आणि फळ्यावर ठळक लिहिलं, 'कधीच नाही.'

टाळ्या पडल्या. थोरली अगदी मागे बसली होती. हा विषय धाकटीला तिनेच शिकवलेला, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने. शेजारचे गृहस्थ कौतुकाने वाकून म्हणाले, "तुम्ही यांच्या बहीण ना?"

आयुष्यभर धाकटी थोरलीची बहीण होती. ती धाकटीची बहीण कधीपासून झाली?

ती उठली. "तू तपासलेली रांग आखूड होती म्हणून टिकली. मी गणितात अणू वाढवून पाहिले." तिने आपला आलेख पडद्यावर लावला. लांब रांगेत कुठेतरी जमीन योगायोगाने सपाट निघते. तिथले चार अणू हलू लागतात, ते शेजाऱ्यांना हलवतात, शेजारी पुढच्यांना. मांडणीची आठवण दाखवणारी रेघ उतरत उतरत शून्याला टेकली होती. "उशिरा का होईना, विसरते."

विभागप्रमुख हसत म्हणाले, "अहो बाई, घरचं भांडण घरीच मिटवायचं होतंत!" सगळं सभागृह हसलं.

धाकटी हसली नाही. तिने आलेख नीट निरखला. आधी खरं काय ते बघायचं, ही सवयही थोरलीनेच लावलेली. मग फळ्यावरचे ते दोन शब्द तिने तळहाताने पुसले.

"ताईचं बरोबर आहे." आणि मागे बघून, "तुला हे कधी कळलं गं?"

"परवा."

"काल दिवसभर आपण बरोबर होतो, ताई. हे सगळं मी तुला म्हणून दाखवलं. तू म्हणालीस, छान झालंय."

थोरली प्रत्येक शंकेचं उत्तर तयार करून आली होती. या एकाचं नव्हतं. ती तशीच आलेखापाशी उभी राहिली.

धाकटीला लोक विसरणार नाहीत, ती गुणाची पोर आहे. तुम्ही माझं एवढंच ऐका. देवापुढे हात जोडाल तेव्हा थोरलीची आठवण काढा. तिचं गणित अगदी बरोबर आलं होतं.